बडोद्याहून परदेशी निघताना : सिम, ई-सिम, ओटीपी आणि इंटरनेट

मांडवीकर :
मे महिना आला की आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा मुलांकडे निघतात. कुणी न्यू जर्सीला, कुणी टोरांटोला, कुणी मेलबर्नला. विमा, औषधांच्या चिठ्ठ्या, भाकरवडीची पाकिटं याची तयारी महिनाभर चालते. फोनचं मात्र अहमदाबादला चेक-इन झाल्यावर आठवतं. तोवर रोमिंगचा महागडा पॅक घेण्यापलीकडे हातात फारसं काही उरत नाही. म्हणून हा धागा. माहीतगारांनी भर घालावी, ज्यांना विचारायचंय त्यांनी इथेच विचारावं.

मुळातली गोष्ट एवढीच. परदेशात फोनकडून आपल्याला दोन अगदी वेगळी कामं हवी असतात. एक, भारतीय नंबरवर बँकेचा ओटीपी येत राहणं. दोन, इंटरनेट. दोन्ही एकाच सिमकडून करून घ्यायला गेलं की एक तर बिल फुगतं, नाहीतर ओटीपी बंद पडतो. भारतीय सिम फोनमध्येच ठेवायचं, त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू आणि डेटा बंद. इंटरनेट तिथल्या सिमवर किंवा प्रवासासाठी विकत मिळणाऱ्या ट्रॅव्हल ई-सिमवर (ई-सिम म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये उतरवायचं सिम). बहुतेक ऑपरेटरांकडे रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, म्हणून हे जमतं. येणाऱ्या कॉलला मात्र पॅक नसेल तर मिनिटामागे पैसे पडतात. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा की व्हॉट्सअॅपवरच फोन करा, आणि अनोळखी नंबर उचलू नका.

निघण्याच्या दोन आठवडे आधी करायच्या गोष्टी :

फोनवर *#०६# डायल करा. आयएमईआयबरोबर (हा फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. आयफोनमध्ये ती २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून आहे. अँड्रॉइडमध्ये मॉडेलवर अवलंबून, स्वस्त फोनांत बहुधा नसते.

फोन कुणी परदेशातून आणून दिलेला असेल तर तो तिथल्या एकाच मोबाइल कंपनीच्या सिमला लॉक नाही ना, ते बघा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं दिसलं पाहिजे. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या मॉडेलांना सिमचा ट्रेच नाही. अशा फोनात भारतीय नंबरसुद्धा ई-सिमवरच घ्यावा लागतो.

आणि हे ठळक अक्षरात लिहावं असं : भारतीय सिमचं ई-सिम करायचं असेल तर शेवटच्या दिवशी करू नका. सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी त्या नंबरवरचे एसएमएस २४ तास बंद ठेवले जातात. म्हणजे ज्या रात्री वेब चेक-इन, फॉरेक्स कार्ड, विमा सगळं उरकायचं, नेमका तेव्हाच ओटीपी येत नाही. आठ दिवस आधी उरकून घ्या. एकदा ओटीपी येतोय हे बघा आणि मगच जुनं सिम टाकून द्या.

दांडियाबाजार :
धागा फार उपयोगी. माझ्या सासूबाई पाच महिन्यांसाठी न्यू जर्सीला जाताहेत. त्यांचा फोन साधारण बारा हजारांचा, ४जी, दोन सिमचा, ई-सिम नाही. त्यांना तोच फोन सवयीचा आहे, नवीन नकोय. तो तिथे चालेल का?

खंडेराव_मार्केट :
ताई, अर्धवट चालण्याची शक्यता जास्त. कारण सांगतो, म्हणजे दुकानदाराला नेमकं विचारता येईल.

पहिली अडचण बँडची, म्हणजे फोन ज्या रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर चालतो त्यांची. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनांत ४जीचे १, ३, ५, ८, ४०, ४१ हे बँड हमखास असतात. अमेरिकेत मुख्य कामाचे आहेत २, ४, १२, १३, ६६ आणि ७१. यातले १२, १३ आणि ७१ कमी फ्रिक्वेन्सीचे. ते लांब पोहोचतात आणि घराच्या आत शिरतात. ते नसले की रस्त्यावर रेंज आणि तळघरातल्या खोलीत काहीच नाही, असं होतं. फोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर नेमक्या मॉडेल नंबरने बँडची यादी मिळते. नुसत्या नावाने शोधू नका. त्याच नावाच्या फोनाची भारतीय आणि अमेरिकी आवृत्ती वेगळी असते.

दुसरी अडचण साध्या कॉलची. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ मध्ये बंद केलं. आता साधा कॉल व्होएलटीईवरच, म्हणजे ४जीवरूनच, जातो आणि फोनचं व्होएलटीई त्या कंपनीने मान्य केलेलं असावं लागतं. एटी अँड टीकडे तर चालणाऱ्या फोनांची यादीच आहे. यादीत नसलेला फोन त्यांच्या नेटवर्कवर नाकारला जातो. मुलाला सांगा, त्याच्या मोबाइल कंपनीच्या साइटवर ‘स्वतःचा फोन आणा’ या पानावर आईच्या फोनचा आयएमईआय टाकून बघ. दोन मिनिटांत कळतं.

पाच महिन्यांसाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे मुलाच्या फॅमिली प्लॅनवर एक लाइन वाढवणं. फोन यादीत नसेल तर तिथला एखादा जुना अनलॉक फोन त्या लाइनसाठी घ्या आणि सासूबाईंचा फोन वायफायवर व्हॉट्सअॅप आणि ओटीपीसाठी तसाच राहू द्या. वयस्कर माणसांना सवयीचा फोन हातात असणं फार मोलाचं असतं, तुमचं ते म्हणणं अगदी योग्य आहे.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनीही हे तपासाच. तिथे २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपासून ३जी पूर्ण बंद आहे. जो फोन ४जीवरून ०००, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर, लावू शकत नाही तो नेटवर्कवर घेतच नाहीत.

दांडियाबाजार :
मग भारतीय सिमवर कॉल नाही लागला तर ओटीपीही येणार नाही का?

खंडेराव_मार्केट :
तसं नाही. ४जी नेटवर्कवर एसएमएस व्होएलटीईशिवायही पोहोचवता येतो. त्यामुळे कॉल लागत नाही पण ओटीपी येतो, अशी परिस्थिती अनेकदा असते. फोन निदान ४जीच्या एका तरी बँडवर तिथल्या भागीदार नेटवर्कला जोडला गेला पाहिजे, एवढीच अट. पोहोचल्यावर घरून कुणालातरी साधा एसएमएस पाठवायला सांगा. व्हॉट्सअॅप नव्हे, साधा. तो आला म्हणजे वाट मोकळी आहे.

नाही आला तर क्रमाने : एअरप्लेन मोड एक मिनिट चालू करून बंद. मग फोन बंद करून चालू. तरीही नाही तर सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क, तिथे ‘आपोआप निवडा’ बंद करून यादीतली दुसरी कंपनी हाताने निवडा. फोन बऱ्याचदा अशा नेटवर्कला चिकटून बसतो ज्याच्याशी आपल्या ऑपरेटरचा करारच नसतो. यादी यायला दोन-तीन मिनिटं लागतात, मध्येच बाहेर पडू नका.

लहरीपुरा :
मांडवीकरांच्या एका मुद्द्याला थोडी जोड. पाच महिन्यांना स्थानिक सिम ठीक. पण पाच-सात दिवसांच्या सिंगापूर-मलेशियाला, तेही आई-वडिलांना ग्रुप टूरने पाठवताना, मी भारतीय ऑपरेटरचा रोमिंग पॅकच घ्यायला सांगेन. सेटिंगमध्ये काही बदलावं लागत नाही, नंबर तोच, कॉलही येतात. थोडे पैसे जास्त गेले तरी परक्या देशात फोन बंद पडला म्हणून घाबरण्यापेक्षा बरं.

मात्र पॅक घेताना चार गोष्टी नीट वाचा. पॅकमध्ये तुमचा देश आहे का. ट्रान्झिटचा देश आहे का. दिवस कसा मोजतात, पहिल्या वापरापासून २४ तास की भारतीय वेळेने रात्री बारापर्यंत. आणि कोणत्या भागीदार नेटवर्कवर पॅक लागू आहे. दुबई किंवा दोहाला तीन तास थांबताना फोन चालू केला की काही पॅक तिथूनच सुरू होतात आणि मुक्कामाला पोहोचायच्या आत एक दिवस खर्ची पडतो. ट्रान्झिटमध्ये एअरप्लेन मोड ठेवून विमानतळाचं वायफाय वापरा.

विमानातलं नेटवर्क हा आणखी एक खड्डा. लांब पल्ल्याच्या काही विमानांत हवेतसुद्धा मोबाइलचं नेटवर्क दिसतं. ते उपग्रहावरून चालतं आणि त्याचे दर नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाहीत, वेगळा पॅक लागतो. क्रूझ जहाजांचंही तसंच. किनाऱ्यापासून दूर गेलं की फोन जहाजाच्या नेटवर्कला जोडला जातो. विमानात बसलात की एअरप्लेन मोड, जहाज निघालं की एअरप्लेन मोड.

वारसिया :
ट्रॅव्हल ई-सिम घेतलं, क्यूआर कोड स्कॅन केला, रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, पण नेट शून्य. ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. कारण काय असतं?

कमाटीबाग :
दहातल्या आठ वेळा कारण एकच. त्या ई-सिमवर डेटा रोमिंग बंद असतं.

माणसं ऐकून असतात की परदेशात डेटा रोमिंग बंद ठेवायचं, नाहीतर हजारोंचं बिल. ते भारतीय सिमसाठी बरोबर आहे. पण ट्रॅव्हल ई-सिम बहुधा त्या देशाचं नसतंच. ते तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि तुमच्या मुक्कामाच्या देशात स्वतःच रोमिंगवर असतं. म्हणून त्या ई-सिमसाठी डेटा रोमिंग चालू हवं. प्रत्येक सिमचं बटण वेगळं असतं. भारतीय सिम : डेटा रोमिंग बंद. ट्रॅव्हल ई-सिम : डेटा रोमिंग चालू.

उरलेल्या वेळी एपीएन, म्हणजे फोनने इंटरनेटला कुठून जोडायचं ते सांगणारं नाव, चुकलेला असतो. विकणाऱ्याच्या ईमेलमध्ये एपीएनचं नाव दिलेलं असतं. सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, अॅक्सेस पॉइंट नेम्स, तिथे नवीन नोंद करून तेच नाव जसंच्या तसं टाका आणि निवडा. यूजरनेम-पासवर्ड सांगितले नसतील तर रिकामे सोडा.

याच कारणाने आणखी एक गोष्ट दिसते, घाबरू नका. तुम्ही बसलेले असता पॅरिसमध्ये आणि वेबसाइट तुम्हाला पोलंडमध्ये किंवा हाँगकाँगमध्ये समजते, कारण तुमचा डेटा त्या देशातून इंटरनेटवर बाहेर पडतो. एरवी काही बिघडत नाही. पण एखादं बँकेचं अॅप अशा वेळी लॉगिन अडवतं. मग हॉटेलच्या वायफायवरून तेच काम करून बघायचं.

ई-सिम टाकताना इंटरनेट लागतं, म्हणून ते घरी, आपल्या वायफायवर, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी टाका. क्यूआर कोड फोनच्या पडद्यावरच असेल तर तोच फोन तो स्कॅन करू शकेलच असं नाही. दुसऱ्या फोनवर उघडा किंवा कागदावर छापून घ्या. मुदत खरेदीपासून सुरू होते की तिकडच्या नेटवर्कला जोडल्यापासून, ते घेण्याआधी वाचा. बहुतेक कोड एकदाच चालतात. नेट चालत नाही म्हणून वैतागून प्रोफाइल डिलीट केलं तर पुन्हा टाकता येईलच असं नाही. बंद करा, डिलीट करू नका.

मांडवीकर :
कमाटीबाग यांनी सांगितलं त्याला लागूनच एक बटण आहे, ज्याने गपचूप पैसे जातात. दोन सिमच्या फोनांत ‘डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर न्या’ अशी सोय असते. आयफोनमध्ये सेल्युलर डेटाच्या पानावर ‘अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग’, सॅमसंगमध्ये सिम मॅनेजरमध्ये ‘ऑटो डेटा स्विचिंग’. ट्रॅव्हल सिमची रेंज गेली की फोन आपणहून भारतीय सिमचा डेटा वापरू लागतो. डेटा रोमिंग बंद असेल तर वाचलात, पण हे बटणही बंदच ठेवा. दोन्हीकडून कडी लावलेली बरी.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक. सिम बदललं की आयमेसेज आणि फेसटाइम पुन्हा चालू होण्यासाठी फोन आपल्याला न दाखवता एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतो. रोमिंगमध्ये त्याचे पैसे कापले जातात. प्रीपेडवर बॅलन्स नसेल तर तो जात नाही आणि फोन पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. आयमेसेज वापरत नसाल तर बंदच करून जा.

आणि व्हॉट्सअॅपने नवीन सिम बघून ‘नंबर बदलायचा का’ असं विचारलं तर नाही म्हणा. व्हॉट्सअॅप भारतीय नंबरवरच राहू द्यायचं, डेटा कुठल्याही सिमचा चालतो.

रावपुरा_नाका :
बँकेच्या बाजूचं मी लिहिते.

एटीएम किंवा डेबिट कार्डावर परदेशातला वापर २०२० पासून मुळातच बंद ठेवलेला असतो, तो आपण चालू करायचा. बँकेच्या अॅपमध्ये कार्ड कंट्रोलमध्ये एटीएम, दुकान आणि ऑनलाइन अशी तीन वेगळी बटणं असतात. हव्या त्याच गोष्टी चालू करा आणि मर्यादा कमी ठेवा. बँकेत ईमेल नोंदवलेला आहे का आणि त्यावर ओटीपी मिळतो का, ते विचारा. मिळत असेल तर एसएमएस अडकला तरी काम होतं.

कार्डाच्या मागे छापलेला १८०० चा टोल-फ्री नंबर परदेशातून लागत नाही. बँकेच्या साइटवर परदेशातून लावायचा वेगळा नंबर असतो, +९१ ने सुरू होणारा. तो आजच कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कार्ड हरवतं त्याच दिवशी फोनही हरवलेला असतो, असं फार वेळा होतं. कागद कामाला येतो.

यूपीआयबद्दल : अॅप एकदा त्या फोनला आणि त्या सिमला जोडलेलं असतं. फोन बदलला किंवा अॅप काढून पुन्हा टाकलं की ते भारतीय सिमवरून एक एसएमएस पाठवून ओळख पटवतं. रोमिंगमध्ये तो जाणारा एसएमएस अडकतो आणि यूपीआय भारतात परतेपर्यंत बंद. म्हणून परदेशात असताना यूपीआय अॅप काढू नका आणि फोन बदलायचा असेल तर निघण्याआधी बदला. नेपाळ, भूतान, मॉरिशस, श्रीलंका, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स इथे काही ठिकाणी भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. त्यासाठी अॅपमध्ये ‘यूपीआय इंटरनॅशनल’ हे आधी चालू करावं लागतं आणि ते ठरावीक मुदतीपुरतंच चालू राहतं.

स्थानिक सिमचं रिचार्ज ऑनलाइन भारतीय कार्डाने करायला गेलात तर साइट तिथला पिनकोड मागते आणि भारतीय कार्डाशी तो जुळत नाही, मग व्यवहार नापास. सुपरमार्केटमध्ये किंवा पेट्रोलपंपावर रोख देऊन रिचार्जचं व्हाउचर घ्या.

दांडियाबाजार :
पाच महिने रिचार्ज केला नाही तर भारतीय नंबर बंद पडतो ना? आमच्याकडे २८ दिवसांचाच पॅक मारतात.

रावपुरा_नाका :
व्हॅलिडिटी संपली की आधी जाणारे कॉल थांबतात, मग येणारे आणि एसएमएसही थांबतात. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर काढून घेऊ शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस दिले जातात, पण त्या भरवशावर राहू नका. एकदा नंबर दुसऱ्याला गेला की त्याच्याबरोबर बँक, आधार, गॅस सगळं अडकतं. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून नुसत्या कॉल आणि एसएमएसचे, डेटाशिवायचे, ३६५ दिवसांपर्यंतच्या मुदतीचे पॅक काढणं कंपन्यांना भाग पडलं आहे. लांबच्या मुक्कामाला तसाच मोठ्या मुदतीचा पॅक मारून जायचं. डेटा तिथे वापरायचाच नाही तर त्याचे पैसे कशाला?

सयाजीगंज :
देशानुसार काही गोष्टी वेगळ्या आहेत.

दुबई, अबू धाबी : व्हॉट्सअॅपवर मेसेज आणि फोटो जातात, पण आवाजाचे आणि व्हिडिओ कॉल अडवलेले आहेत. तिथे बोटिमसारखी परवानगी असलेली अॅप वापरावी लागतात आणि ती दोन्ही बाजूंना हवीत. म्हणजे बडोद्यातल्या घरच्यांच्या फोनातही आधीच टाकून, एकदा बोलून बघायचं. व्हीपीएन लावून बंदी चुकवू नका, तिथल्या कायद्यात त्यावरून मोठा दंड होऊ शकतो.

चीन : व्हॉट्सअॅप, गुगल, जीमेल, गुगल मॅप काहीच उघडत नाही, निदान हॉटेलच्या वायफायवर आणि चिनी सिमवर. भारतीय रोमिंगचा किंवा चीनबाहेरच्या कंपनीच्या ई-सिमचा डेटा देशाबाहेरून इंटरनेटवर जातो, म्हणून त्यावर चालतात. एवढ्या एका देशासाठी स्थानिक सिमपेक्षा रोमिंग जास्त कामाचं.

युरोप : युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम बाकीच्या देशांत त्याच दरात चालतं, १५ जून २०१७ पासूनचा नियम आहे. नॉर्वे आणि आइसलँड त्यात येतात. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन येत नाहीत. आपल्याकडच्या टूरमध्ये पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मग इटली असा क्रम असतो. रोममध्ये घेतलेलं सिम ल्युसर्नला जादा पैसे घेईल किंवा चालणारच नाही. युरोपचं ई-सिम घेताना देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचं नाव डोळ्यांनी वाचा.

सिमला ओळखपत्र : ब्रिटनमध्ये प्रीपेड सिम कुठल्याही सुपरमार्केटमध्ये ओळखपत्राशिवाय मिळतं. जर्मनी, थायलंडमध्ये पासपोर्टवर नोंदणी लागते. जर्मनीत ती बऱ्याचदा व्हिडिओ कॉलवर होते, संध्याकाळी उशिरा पोहोचलात तर सिम हातात आणि नेट दुसऱ्या दिवशी. तिथल्या सिमला चार आकडी पिन असतो, सिमच्या चौकोनी प्लास्टिक कार्डावर खरवडून दिसतो. ते कार्ड टाकून देऊ नका. तीनदा पिन चुकला की आठ आकडी पुक, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कोड, लागतो, तोही त्याच कार्डावर असतो, आणि दहा वेळा पुक चुकला की सिम कायमचं गेलं.

वारसिया :
दहा दिवसांना किती डेटा घ्यावा? १ जीबीपासून अनलिमिटेडपर्यंत सगळंच दिसतं.

कमाटीबाग :
हिशेब मांडू. व्हॉट्सअॅपचा व्हिडिओ कॉल मिनिटाला साधारण ५ एमबी, नुसता आवाज असेल तर १ एमबीच्या आत. रोज अर्धा तास व्हिडिओ म्हणजे १५० एमबी. फोटो पाठवणं आणि मेसेज यांना १०० ते १५०. नकाशाला २०-३०. एकूण दिवसाला ३०० एमबीच्या आसपास, दहा दिवसांना ३ जीबी. ५ जीबी घेतलं की हात मोकळा राहतो. यूट्यूब बघणार असाल तर गणितच बदलतं, ४८० पीवर तासाला अर्धा जीबी सहज.

‘अनलिमिटेड’ लिहिलेल्या पॅकांत बहुधा रोजची एक मर्यादा असते, ती ओलांडली की वेग इतका उतरतो की नकाशासुद्धा उघडत नाही. बारीक अक्षरं वाचा.

डेटा खरा खातात त्या पाठीमागे चालणाऱ्या गोष्टी. गुगल फोटोजचा बॅकअप, व्हॉट्सअॅपचा बॅकअप आणि प्ले स्टोअरचे अपडेट, तिन्ही ‘फक्त वायफायवर’ करून जा. व्हॉट्सअॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ परदेशातल्या डेटावर उतरवण्यात अर्थ नाही. गुगल मॅपमध्ये जायच्या शहराचा नकाशा घरच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून ठेवा, जीपीएसला इंटरनेट लागत नाही. मात्र ऑफलाइन नकाशात बस-मेट्रोच्या वेळा नसतात, त्यांना डेटा लागतोच.

खंडेराव_मार्केट :
चार्जिंगचंही इथेच लिहून टाकतो, फोन मेला तर वरचं सगळं वाया.

फोनच्या चार्जरवर बारीक अक्षरात १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर कुठेही चालतो. अमेरिकेत १२० आणि जपानात १०० व्होल्ट, तरी चालतो. कन्व्हर्टर लागत नाही, फक्त पिनचा अडॅप्टर. अमेरिका, कॅनडा, जपान : दोन चपट्या पिना. ब्रिटन, दुबई, सिंगापूर, मलेशिया : तीन जाड चौकोनी पिना. ऑस्ट्रेलिया : तिरप्या चपट्या. युरोपात आपला बारीक गोल दोन पिनांचा चार्जर थेट बसतो. स्वित्झर्लंडचा खोबणीतला सॉकेट षट्कोनी असतो, त्यात बारीक चार्जर बसतो पण युरोपचा जाड गोल अडॅप्टर बसत नाही. बडोद्यात मरीमातेच्या खांच्यात हे सगळं मिळतं. घेताना दुकानातच चार्जर लावून हलवून बघा, पिन सैल असेल तर ठिणगी पडते. तो घेऊ नका.

पॉवरबँक केबिन बॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा चालतो. गणित असं : २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १००० म्हणजे ७४ वॉट-अवर, चालतो. २७,००० एमएएचला १०० होतात. छापलेला आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात, म्हणून अक्षरं स्पष्ट असलेला न्या. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाला एकच पॉवरबँक आणि विमानात त्याचा वापर बंद, असा नियम केला आहे. चीनच्या देशांतर्गत विमानांत २८ जून २०२५ पासून ‘३सी’ हा चिनी सुरक्षा-प्रमाणाचा शिक्का नसलेला पॉवरबँक चालत नाही.

लहरीपुरा :
फोन चोरीला गेला तर? बार्सिलोना, पॅरिस, रोमच्या मेट्रोत हे होतं. सिम आणि फोन दोन्ही एकदम जातात.

मांडवीकर :
याची तयारी आधीच करावी लागते, कारण परदेशात बसून डुप्लिकेट भारतीय सिम मिळवणं जवळजवळ अशक्य. त्याला माणूस ओळखपत्रासह दुकानात समोर लागतो.

नवरा-बायको दोघं जात असतील तर बँकेचे दोन वेगळे नंबर दोन वेगळ्या फोनांत ठेवा आणि एकमेकांच्या खात्यावर नाव नसलं तरी एकाचं कार्ड दुसऱ्याच्या पाकिटात असू द्या. सेटिंग्जमध्ये सिमला पिन लावा. नाहीतर चोर सिम काढून आपल्या फोनात घालतो आणि ओटीपी त्याला मिळतात. पिन लावण्याआधी ऑपरेटरचा मूळ पिन माहीत करून घ्या, अंदाजाने टाकू नका. आयएमईआय कागदावर लिहून ठेवा, पोलीस तक्रारीत लागतो. फोन गेला की आधी बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद, मग ऑपरेटरला सांगून सिम बंद, मग पोलीस. विम्यासाठी तिथल्या पोलिसांच्या तक्रारीची लेखी प्रत लागते. भारतात परतल्यावर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करायचा.

आणीबाणीचे नंबर त्याच कागदावर : युरोपात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटन आणि अमिरातीत ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, जपानात पोलीस ११० आणि अॅम्ब्युलन्स ११९.

दांडियाबाजार :
शेवटचं एक. सासूबाईंना घरच्या लँडलाइनवर फोन करायला आवडतं. त्या इथल्यासारखं ०२६५ लावून करतील, लागेल?

रावपुरा_नाका :
नाही लागणार. परदेशातून पहिलं शून्य गळतं. शून्याचं बटण दाबून धरलं की + येतो, मग ९१, मग २६५, मग घरचा सात आकडी नंबर. मोबाइलला +९१ आणि पुढे दहा आकडे. फोनबुकातले सगळे नंबर इथे असतानाच +९१ लावून सेव्ह करून द्या. ते भारतातही तसेच चालतात, त्यामुळे परतल्यावर काही बदलावं लागत नाही. त्यांच्या अमेरिकी लाइनवर भारतात कॉल करायची सोय फुकट आहे की मिनिटामागे पैसे, ते मुलाला आधी विचारा, आणि फोनच्या कॉल सेटिंगमध्ये बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी तीच लाइन निवडून ठेवा. नाहीतर त्या नकळत भारतीय सिमवरून रोमिंगचा कॉल लावतील.